पट्टी नसलेले पदक

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी लवकर गेले, तर ऊन चढायच्या आत बरेच काही पाहून होते. काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी गोणपाटावर मांडलेल्या किल्ल्या, कुलपे, अडकित्ते आणि घड्याळांच्या सांगाड्यांमध्ये मला एक गोल चांदीचा तुकडा दिसला. विकणारा म्हणाला, “राणीचा छाप आहे साहेब, वजनावर देतो.” एका बाजूला डोक्यावर मुकुट आणि ओढणी घेतलेली व्हिक्टोरिया होती. उलटून पाहिले, तर चालते सैन्य आणि त्यात पाठीवर तोफ लादलेला हत्ती होता. वर अफगाणिस्तानचे नाव आणि खाली 1878-79-80 ही साले.

ते नाणे नव्हते. दुसऱ्या अफगाण युद्धाचे ते पदक होते. ते मी वजनाच्या भावाने विकत घेतले आणि घरी आणून भिंगाखाली धरले. अशा पदकाच्या कडेवर शिपायाचे नाव आणि पलटण कोरलेली असते. या पदकाची कड घासली गेली होती. नाव गेले होते, फक्त ‘बॉम’ एवढी अक्षरे लागत होती. म्हणजे हा शिपाई मुंबई इलाख्याच्या सैन्यातला. फीत अडकवायची आडवी दांडी शाबूत होती, पण तिच्यावर लढाईच्या नावाची पट्टी नव्हती आणि ती काढून घेतल्याची खूणही नव्हती.

पट्टी म्हणजे काय, हे सांगायला हवे. मोहिमेत भाग घेतलेल्या प्रत्येकाला पदक मिळे. पण सरकारने निवडलेल्या एखाद्या लढाईत जो प्रत्यक्ष हजर असे, त्याच्या पदकावर त्या लढाईचे नाव कोरलेली एक आडवी पट्टी चढे. सैनिकी भाषेत तिला क्लास्प म्हणतात. या युद्धासाठी अशा सहा पट्ट्या निघाल्या: अली मशीद, पैवार कोटल, चारासिया, काबूल, अहमद खेल आणि कंदाहार. युद्धात सर्वाधिक गाजलेल्या सातव्या लढाईची पट्टी निघाली नाही. ती लढाई मैवंदची. ती इंग्रज हरले होते आणि हरणाऱ्या फौजेत आमच्या मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या.

माझा शिपाई मैवंदला होता की मागे कुठल्या ठाण्यावर पहारा देत होता, हे पदक सांगत नाही. त्या कोऱ्या दांडीचा शोध घेता घेता मात्र मी एका दुसऱ्याच माणसाच्या पदकांपाशी जाऊन पोचलो. त्याच्या याच पदकावर सहापैकी चार पट्ट्या होत्या. त्याचे नाव फ्रेडरिक स्लाय रॉबर्ट्स, बंगाल तोफखान्याचा अधिकारी आणि पुढे फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स. हा लेख त्याच्या पदकांबद्दल आहे, आणि त्या पदकांचा आमच्या मुलखावर काय परिणाम झाला त्याबद्दलही.

गोलंदाज, पण तोफेवाचून

रॉबर्ट्स जन्माने कानपूरचा. जन्मतारीख 30 सप्टेंबर 1832. बाप कंपनीच्या सैन्यात मोठा अधिकारी. लहानपणीच्या मेंदूज्वरात पोराच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली, उंचीही बेताचीच राहिली. ईटन, सँडहर्स्ट आणि शेवटी कंपनीची ॲडिसकोंबची लष्करी शाळा, असे शिक्षण आटोपून डिसेंबर 1851 मध्ये तो बंगाल तोफखान्यात लेफ्टनंट झाला. पुढे पेशावरला बापाच्याच हाताखाली काही काळ काम केल्यावर त्याला घोडदळी तोफखाना मिळाला. तोफखान्यातल्या तरुणांना त्या जागेचे मोठे अप्रूप असे.

1857 साल उजाडले तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. दिल्लीच्या वेढ्यात 14 जुलैला त्याच्या पाठीवर गोळी बसली. कमरेची चामडी पिशवी सरकून नेमकी त्या जागी आली होती, म्हणून जखमेवर भागले. लखनौला नोव्हेंबरात शत्रूच्या माऱ्यात एका इमारतीवर पलटणीचे निशाण लावायचे काम त्याच्याकडे आले. निशाण गोळ्यांनी पाडले गेले आणि पुन्हा उभे केले गेले. उठावाच्या पदकावर त्याला दिल्ली, लखनौची सुटका आणि लखनौ अशा तीन पट्ट्या मिळाल्या.

व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो 2 जानेवारी 1858 च्या खुदागंजच्या लढाईबद्दल. लढाई संपत आली होती आणि पाठलाग सुरू होता. दोन शिपाई निशाण घेऊन निघून जाताना रॉबर्ट्सला दिसले. तो घोड्यावरून एकटाच त्यांच्या मागे गेला. ते वळले आणि त्यांनी बंदुका रोखल्या. एकाने चाप ओढला, पण बार उडाला नाही. रॉबर्ट्सने निशाण धरणाऱ्याला तलवारीने कापले आणि निशाण घेतले. त्याच दिवशी संगीन रोखून उभ्या असलेल्या आणखी एका शिपायाला त्याने मारले, कारण एक स्वार त्याच्याशी झुंजत अडचणीत आला होता.

हे वाचताना मला दोन गोष्टी जाणवल्या. पहिली, तोफखान्यातल्या या अधिकाऱ्याच्या सर्वोच्च पदकाचा तोफेशी काही संबंध नाही. व्हिक्टोरिया क्रॉस पकडलेल्या तोफांच्या धातूतून घडवतात अशी परंपरा आहे, तेवढाच काय तो संबंध. पदक मिळाले तलवारीबद्दल आणि घोड्याबद्दल. दुसरी गोष्ट अशी, की निशाण सोडले असते तर त्या शिपायाला कदाचित निसटता आले असते. त्याने ते सोडले नाही. एकाच निशाणासाठी दोन माणसांनी जीव पणाला लावला. एकाचे नाव गॅझेटात आले, दुसऱ्याचे नाव विचारायला कुणी मागे थांबले नाही. शिवाय हिंदी शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळण्याची सोयच 1911 पर्यंत नव्हती. तोवर शौर्याबद्दल त्याला मिळे ते वेगळे पदक, इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट.

पुढची वीस वर्षे रॉबर्ट्सने तोफा फारशा डागल्या नाहीत. तो क्वार्टरमास्टरच्या खात्यात राहिला. सैन्याची हलवाहलव, रसद, जनावरे, तळ आणि जहाजे हे त्या खात्याचे काम. 1863 ची अंबेला मोहीम, 1867-68 ची ॲबिसिनिया, 1871-72 चा लुशाईचा डोंगराळ मुलूख. ॲबिसिनियाच्या मोहिमेचा सेनापती नेपियर हा मुंबईच्या सैन्याचा सरसेनापती होता आणि बरीचशी फौज मुंबईहूनच निघाली होती. रॉबर्ट्स तेव्हा झूलाच्या बंदरात बसून माणसे, खेचरे आणि सामान जहाजांवर चढवण्याची व्यवस्था पाहत होता. रणांगणावर न जाता केलेल्या या कामाने त्याला जे शिकवले, ते पुढे काबूलच्या वाटेवर उपयोगी पडले.

इंद्रधनुषी फितीचा तारा

1878 मध्ये दुसरे अफगाण युद्ध सुरू झाले तेव्हा कुर्रमच्या खोऱ्यातली तुकडी रॉबर्ट्सकडे आली. 2 डिसेंबरला त्याने पैवार कोटलची खिंड घेतली. समोर थोडे सैन्य ठेवून आदल्या रात्रीच्या अंधारात तो डोंगराला वळसा घालून बाजूने चढला होता. पहिली पट्टी ही. सप्टेंबर 1879 मध्ये काबूलमध्ये इंग्रज वकील कॅव्हेन्यारी मारला गेला. सूड घ्यायला रॉबर्ट्स निघाला आणि 6 ऑक्टोबरला चारासियाची लढाई जिंकून काबुलात शिरला. दुसरी पट्टी. तिथे त्याने लष्करी न्यायालये बसवली आणि फाशीचे खांब उभे केले. त्या फाशींवरून खुद्द इंग्लंडात त्याच्यावर कडक टीका झाली. डिसेंबरात अफगाणांनी त्याला शेरपूरच्या छावणीत कोंडले, तिथून तो लढून सुटला. तिसरी पट्टी काबूलची.

आता दक्षिणेकडे, कंदाहारकडे वळू. हेरातहून अयूब खान मोठी फौज घेऊन येत होता. त्याला अडवायला कंदाहारहून ब्रिगेडियर जनरल बरोज निघाला. त्याच्याकडे सुमारे अडीच हजार माणसे होती: 66वी गोरी पलटण, पहिली मुंबई ग्रेनेडियर्स, तिसावी म्हणजे जेकब्ज रायफल्स, मुंबईचे घोडदळ आणि खडकीच्या मुंबई सॅपर्सची एक कंपनी. 27 जुलै 1880 ला मैवंदच्या सपाट, उघड्या मैदानात सामना झाला.

ही लढाई तोफांनी ठरवली. अयूब खानाकडे तीस तोफा होत्या, त्यांतल्या काही नव्या आर्मस्ट्राँग तोफा. बरोजकडे बारा. त्यांपैकी सहा घोडदळी तोफखान्याच्या चांगल्या तोफा. उरलेल्या सहा गुळगुळीत नळीच्या जुन्या तोफा, ज्या दोनच आठवड्यांपूर्वी गिरिश्कजवळ बंडखोर अफगाण फौजेकडून हिसकावल्या होत्या. ऐन जुलैच्या उन्हात, पाण्याविना, आडोसा नसलेल्या जमिनीवर शिपाई तासन् तास पडून अफगाण तोफांचा मारा सोसत होते. दुपारी जुन्या तोफांचा दारूगोळा संपला आणि त्या मागे घेतल्या गेल्या. शेजारच्या शिपायांनी पाहिले, तर आपल्या तोफा परत चालल्या आहेत. त्याच सुमारास गाझींचा लोंढा आला. जेकब्ज रायफल्सच्या डाव्या टोकाच्या कंपन्यांत अननुभवी शिपाई बरेच होते आणि त्यांचा अधिकारी आधीच मारला गेला होता. ते फुटले, ग्रेनेडियर्सवर जाऊन आदळले आणि सगळी ओळ कोसळली. मरणाऱ्यांचा आकडा हजाराच्या घरात गेला. 66व्या पलटणीतले उरलेसुरले गोरे शिपाई बागेच्या भिंतीआड शेवटपर्यंत लढले. त्यांच्या शेजारी लेफ्टनंट हेन आणि त्याचे मुंबई सॅपर्स लढत मेले. तोफखान्यातल्या सार्जंट मलेन आणि गनर कॉलिस या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. दोन तोफा मैदानात राहिल्या.

उरलेली फौज कंदाहारच्या तटाआड शिरली आणि अयूब खानाने शहराला वेढा घातला. ही बातमी काबूलला पोचली, तेव्हा सुटकेसाठी रॉबर्ट्सची निवड झाली. वरिष्ठ सेनापती स्ट्युअर्टने त्याला निवडक पलटणी काढून दिल्या: हायलँडर्स, गुरखे, शीख. सुमारे दहा हजार लढणारी माणसे आणि जवळजवळ तेवढेच नोकर-हमाल. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात निघून 31 तारखेला ते कंदाहारला पोचले. अंतर सुमारे पाचशे किलोमीटर. या कूचमध्येही क्वार्टरमास्टर रॉबर्ट्सने गोलंदाज रॉबर्ट्सवर मात केली. चाकांच्या तोफांनी वेग मंदावेल, म्हणून त्याने त्या नेल्याच नाहीत. खेचरांच्या पाठीवरच्या डोंगरी तोफा तेवढ्या घेतल्या. शेवटच्या टप्प्यात त्याला इतका ताप होता की त्याला डोलीतून न्यावे लागले. 1 सप्टेंबरला त्याने अयूब खानाचा पराभव केला आणि मैवंदला गमावलेल्या दोन तोफा परत मिळवल्या. चौथी पट्टी कंदाहारची.

इंग्लंडात जल्लोष झाला. या कूचमध्ये भाग घेणाऱ्यांसाठी एक खास कांस्य तारा काढला गेला, कंदाहारला पकडलेल्या तोफांच्या धातूचा. फीत इंद्रधनुषी, वर ‘काबूल ते कंदाहार 1880’ अशी अक्षरे. आता या ताऱ्याचे वाटप पाहा. काबूलहून चालत आलेल्या सर्वांना तो मिळाला. वाटेत कलात-ए-गिल्झाईहून त्यांच्यात सामील झालेल्यांनाही मिळाला. रॉबर्ट्सच्या घोड्यालाही मिळाला! व्होनोलेल हा त्याचा पांढरा अरबी घोडा. त्याने तो 1877 मध्ये मुंबईच्या घोडेव्यापाऱ्याकडून घेतला होता आणि एका लुशाई सरदाराचे नाव त्याला दिले होते. खुद्द राणीने व्होनोलेलला अफगाण पदक चार पट्ट्यांसह आणि हा तारा घालायची परवानगी दिली. 1897 च्या हीरक महोत्सवाच्या मिरवणुकीत रॉबर्ट्स त्याच्यावरच बसला होता.

कंदाहारच्या तटाआड महिनाभर वेढा सोसलेल्या मुंबईच्या शिपायांना मात्र तो तारा मिळाला नाही. ते कूचमध्ये नव्हते, हे खरेच. नियमाप्रमाणे पाहिले तर कुणावर अन्याय झाला असे म्हणता येत नाही. पण नियम करताना कूच लक्षात राहिली आणि वेढा राहिला नाही, एवढे तरी म्हणायला हवे. त्या वेढ्यात 16 ऑगस्टला देह खोजा या गावावर तटाबाहेर निघून हल्ला झाला, ब्रिगेडियर ब्रूक पडला, माणसे पुष्कळ गेली. अठ्ठाविसाव्या मुंबई पलटणीच्या लेफ्टनंट चेसला तिथे व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तटाआड लोक भेदरून बसले होते असे चित्र पुढे उभे राहिले, त्याच्याशी ही गोष्ट जुळत नाही.

ते चित्र उभे करणाऱ्यांत रॉबर्ट्सचा वाटा मोठा. त्याने आपल्या आठवणींत लिहिले आहे की कंदाहारची फौज मनाने खचलेली दिसली आणि सुटका करणारे जवळ येईपर्यंत त्यांनी तटावर आपले निशाणदेखील चढवले नव्हते. लखनौच्या गोळीबारात निशाण लावणारा आणि खुदागंजला निशाणासाठी जीव धोक्यात घालणारा हा माणूस. निशाण नसलेला तट त्याच्या मनात कायमचा रुतला असला पाहिजे.

एका मताची किंमत

मत खाजगी असते तोवर चालते. रॉबर्ट्सचे मत धोरण झाले, कारण त्याच्या हातात अधिकार आला. 1881 ते 1885 तो मद्रासच्या सैन्याचा सरसेनापती होता आणि 1885 ते 1893 साऱ्या हिंदुस्थानच्या सैन्याचा. सैनिकी गुण काही जातीजमातींच्या रक्तातच असतो आणि तो उत्तरेत आहे, दक्षिणेत नाही, हे त्याने मनाशी पक्के केले होते. गुरखा, शीख, पठाण हे लढवय्ये. मद्रासचा तेलंगा आणि मुंबईचा मराठा हे शांततेत मऊ पडलेले. हे त्याने अधिकारावर असताना सरकारला सांगितले आणि 1897 मध्ये ‘फोर्टी-वन इयर्स इन इंडिया’ या आत्मचरित्रात जगाला सांगितले. पुस्तक अफाट खपले.

या मताला मैवंदचा आधार मिळाला. पण आधार कितपत खरा होता? चांगल्या तोफा शत्रूकडे जास्त, पाणी नाही, जागा वाईट निवडलेली, जुन्या तोफांचा दारूगोळा संपलेला, सेनापतीचा अंदाज चुकलेला. यातली एकही गोष्ट शिपायाच्या जातीशी जोडता येत नाही. हे समजायला तोफखान्याच्या अधिकाऱ्याइतका लायक दुसरा कोण होता? तोफा मागे गेल्या की पायदळाचे काय होते, हे ॲडिसकोंबच्या पहिल्या वर्षातच शिकवत असतील. तरी रॉबर्ट्सने पराभवाचे कारण दारूगोळ्यात न शोधता रक्तात शोधले. शिवाय जे फुटले ते तरी कोण? जेकब्ज रायफल्समध्ये पठाण आणि उत्तर हिंदुस्थानी यांचीही मोठी भरती होती. शेवटपर्यंत टिकून मेले त्यांत मुंबईचे सॅपर्स होते. रॉबर्ट्सच्या सिद्धांताला हे दोन्ही गैरसोयीचे होते.

परिणाम भोगावा लागला तो या मुलखाला. मराठ्यांच्या पलटणी मोडल्या नाहीत, पण त्यांचे स्थान दुय्यम झाले. महारांवर तर दरवाजाच बंद झाला. मुंबई इलाख्याच्या सैन्यात महार पहिल्यापासून होते. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर त्यांची नावे आहेत. 1892-93 च्या सुमारास, म्हणजे रॉबर्ट्स सरसेनापती असतानाच्या शेवटच्या काळात, त्यांची भरती थांबवण्यात आली.

पलटण म्हणजे काय होते, हे कोकणातल्या किंवा पुणे-सातारा भागातल्या पेन्शनर घरांना विचारावे. नियमित पगार, म्हातारपणी पेन्शन आणि मुलांना शाळा. गावच्या शाळेत ज्यांना ओटीच्या बाहेर बसवत, त्यांची मुले पलटणीच्या शाळेत शिकत. 1891 मध्ये महूच्या छावणीत सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी भीमराव जन्मला तो अशाच घरात, आणि पलटणीतल्या शिक्षणाने आपल्या समाजाला काय दिले याची जाण आंबेडकरांनी पुढे स्वतः नोंदवून ठेवली. असा जिना भीमराव रांगत असतानाच काढून घेतला गेला.

पहिला आवाज उठवला गोपाळबाबा वलंगकरांनी. ते महाडजवळच्या रावढळचे, स्वतः पलटणीतून निवृत्त झालेले आणि दापोलीच्या पेन्शनर मंडळींत काम करणारे. 1894 मध्ये त्यांनी महारांची भरती पुन्हा सुरू करावी असा अर्ज तयार केला. त्यानंतर पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या आणि 1910 मध्ये थेट विलायतेतल्या भारतमंत्र्याकडे अर्ज केला. या अर्जांचा मुद्दा साधा होता: आमच्या बापजाद्यांनी तुमच्यासाठी रक्त सांडले, मग आम्ही लढवय्ये नाही हे तुम्हाला कधीपासून कळले? पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली, तेव्हा 1917 मध्ये 111वी महार पलटण उभी राहिली. 1921 मध्ये ती मोडली गेली. कायमची महार रेजिमेंट 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावात उभी राहिली. मैवंदपासून मोजले तर एकसष्ट वर्षे झाली.

कोलेन्सोच्या तोफा

रॉबर्ट्सला निव्वळ खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण त्याच्या पदकांच्या रांगेशेजारी आणखी एक क्रॉस आहे. काही वर्षांपूर्वी लंडनला जाणे झाले तेव्हा चेल्सीच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये मी मुद्दाम गेलो. त्या संग्रहालयाकडे बापाचा व्हिक्टोरिया क्रॉस आहे आणि मुलाचाही.

मुलगा फ्रेडी, वाढून मोठा झालेला एकुलता एक मुलगा, रायफल पलटणीत लेफ्टनंट होता. 15 डिसेंबर 1899 ला दक्षिण आफ्रिकेत कोलेन्सोला कर्नल लाँगने दोन तोफखाने बोअरांच्या बंदुकांच्या टप्प्यात फार पुढे नेले. गोलंदाज पटापट पडले आणि तोफा उघड्यावर राहिल्या. त्या ओढून आणायला स्वयंसेवक मागितले, त्यांत फ्रेडी गेला. तो जबर जखमी झाला आणि दोन दिवसांनी मेला. दहा तोफा गेल्याच. गोलंदाज बापाला निशाणासाठी मिळालेला क्रॉस पायदळातल्या मुलाला तोफांसाठी मिळाला, आणि तोही मरणोत्तर.

त्या दिवशी कोलेन्सोला आणखी काही माणसे होती. नाताळातल्या हिंदी लोकांचे सुमारे अकराशे जणांचे शुश्रूषा पथक, बरेचसे गिरमिटिया मजूर, आणि त्यांचे नेते मोहनदास गांधी. फ्रेडी रॉबर्ट्सला मैदानातून वाहून नेण्याचा मान आपल्या पथकाला मिळाला, असे गांधींनी पुढे लिहून ठेवले आहे. ज्यांच्या देशबांधवांना रॉबर्ट्सने ‘लढवय्ये’ आणि ‘मऊ’ अशा दोन खात्यांत वाटले होते, त्यांनी त्याच्या मुलाला खांद्यावर घेतले.

पोरगा गेल्याची तार आली आणि त्याच दिवसांत रॉबर्ट्सची आफ्रिकेतल्या सैन्याच्या सरसेनापतिपदी नेमणूक झाली. सदुसष्ट वर्षांचा म्हातारा जहाजावर चढला. जूनमध्ये प्रिटोरिया घेतले आणि बोअरांची शेते, घरे जाळण्याचे हुकूमही त्याच्याच काळात सुटले. परत आल्यावर अर्ल ही पदवी, गार्टर, एक लाख पौंड. पदवी मुलीकडे जावी अशी खास तरतूद करावी लागली, कारण मुलगा उरला नव्हता.

गांधींनाही त्या युद्धाचे पदक मिळाले. 1 ऑगस्ट 1920 रोजी त्यांनी ते, झुलू युद्धाच्या आणि कैसर-ए-हिंदच्या पदकांसह, व्हाइसरॉयला परत केले. त्याच दिवशी, मध्यरात्र उलटल्यावर, मुंबईत टिळक गेले होते. पदक देणारा ठरवतो काय लक्षात ठेवायचे. पण घेणाऱ्याच्या हातीही एक अधिकार राहतो, हे त्या दिवशी दिसले.

शेवटची भेट

ऑक्टोबर 1914 मध्ये हिंदी फौज फ्रान्समध्ये खंदकात उतरली होती. 28 तारखेला नव्ह शापेलच्या हल्ल्यात सत्तेचाळिसाव्या शिखांच्या बरोबरीने मुंबई सॅपर्सच्या दोन कंपन्या घराघरांतून लढल्या. त्यांचे सगळे गोरे अधिकारी पडले, शिपाईही फार थोडे परतले. मैवंदच्या सॅपर्सची ही पुढची पिढी. तीनच दिवसांनी 129व्या बलुची पलटणीच्या खुदादाद खानाने बेल्जियममध्ये तो पराक्रम केला, ज्याबद्दल हिंदी शिपायाला पहिला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. खुदादाद पंजाबचा, पण त्याची पलटण जुन्या मुंबई सैन्यातली.

नोव्हेंबरात ब्याऐंशी वर्षांचा रॉबर्ट्स या हिंदी सैनिकांना भेटायला फ्रान्सला आला. कडाक्याची थंडी होती. शिपाई जसे उभे आहेत तसेच आपणही उभे राहायचे, असा त्याचा बाणा होता. थंडी छातीत बसली आणि 14 नोव्हेंबरला सेंट ओमेरला तो न्यूमोनियाने गेला. त्याची माया खोटी नव्हती. हिंदी शिपायावर त्याने आयुष्यभर जीव लावला. फक्त कुठला शिपाई मायेला पात्र आणि कुठला नाही, हे त्याने आधीच ठरवून टाकले होते.

तीस वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धात, त्याच्या सिद्धांताचे उत्तर इटलीत मिळाले. 10 जुलै 1944 ला नाईक यशवंत घाडगे आणि 9 एप्रिल 1945 ला शिपाई नामदेव जाधव. एक कुलाबा जिल्ह्यातला, एक नगर जिल्ह्यातला, दोघेही पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे आणि दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. घाडगे शत्रूच्या गोळीने त्याच जागी पडले. हे उत्तर द्यावे लागले, यातच त्या प्रश्नाचा अपमान आहे.

चांदीचे ते पदक आता माझ्या टेबलाच्या खणात असते. दर दसऱ्याला शस्त्रपूजेच्या वेळी घरातल्या विळी-कोयत्यांबरोबर तेही पाटावर ठेवतो. नातवाने एकदा विचारले, “आजोबा, हे कुणाचं?” मी म्हणालो, “मुंबईच्या पलटणीतल्या एका शिपायाचं.” त्याने उलटून हत्ती पाहिला, त्याच्या पाठीवरची तोफ पाहिली आणि वरच्या कोऱ्या दांडीवर बोट ठेवून म्हणाला, “इथे काहीतरी लिहायचं राहिलंय.”

त्याला मी अजून नीट उत्तर दिलेले नाही. हा लेख वाचण्याइतका तो मोठा झाला की देईन.